लाकडाची पिठी: घासयंत्रे आणि धूळ आवरण्याच्या उपायांचा इतिहास

लाकूड गुळगुळीत करण्याच्या दोन रीती फार जुन्या आहेत, एक धारेने तासण्याची आणि दुसरी खरखरीत पदार्थाने घासण्याची. रंध्याचे पाते लाकडाचा पातळ पापुद्रा सोलते आणि त्यातून निघालेल्या ढलप्या कारागिराच्या पायाशी पडतात. त्या झाडूने गोळा होतात, चुलीत जळतात आणि हवेत मिसळत नाहीत. घासण्यात मात्र एका पात्याऐवजी हजारो कण एकाच वेळी लाकूड खरवडत असतात, प्रत्येक कण आपल्या आकाराच्या मानाने अगदी लहान तुकडा सुटा करतो आणि हे कण जितके बारीक, तितकी निघणारी धूळही बारीक असते. जुन्या काळी युरोपातील कारागीर या कामासाठी शार्क माशाची वाळवलेली कातडी किंवा अंगात सिलिका साठवणारी एक्विसेटम ही वनस्पती वापरीत. परंतु हे घासणे म्हणजे रंधा आणि खरवडणीचे काम संपल्यावर दिलेला शेवटचा हात असे, त्यामुळे एका माणसाच्या मनगटातून दिवसभरात निघणाऱ्या धुळीला आपोआपच मर्यादा पडत असे.

१८३३ साली लंडनमध्ये जॉन ओकी यांनी काचेचा चुरा सरसाने कागदावर चिकटवून असा कागद मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात आयझॅक फिशर यांनी अशा कागदाच्या निर्मितीपद्धतीची पेटंटे मिळविली. आपल्याकडील सुतार ज्याला ‘पॉलिश पेपर’ म्हणतात आणि ज्याच्या वापराला ‘पेपर मारणे’ म्हणतात, त्याची वंशावळ येथून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच कागद फिरत्या लाटांवर गुंडाळला गेला आणि त्याखालून फळ्या सरकवणारी यंत्रे फर्निचरच्या कारखान्यांत आली. पूर्वी जे काम कारागीर शेवटी थोडेसे करीत असे, ते आता यंत्र दिवसभर करू लागले आणि धुळीची मर्यादा मनगटाच्या हाती राहिली नाही.

असे असूनही धूळ उगमापाशीच ओढून घेण्याची कल्पना लाकडाच्या धंद्यात जन्मली नाही. तिचा पहिला आखाडा इंग्लंडमधील शेफील्ड हा होता, जेथे सुऱ्या, काटे आणि कात्र्या वालुकाश्माच्या फिरत्या चाकांवर घासल्या जात. चाकावर पाणी सोडून केलेली घासाई त्यातल्या त्यात सुसह्य होती, पण जेवणाचे काटे कोरड्या चाकावर घासले जात आणि ते घासणारे कामगार भर तारुण्यात खोकून मरत. फ्रेडरिक एंगेल्स यांनी १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडमधील श्रमिकांच्या स्थितीवरील ग्रंथात कोरडी घासाई करणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षे आणि ओली घासाई करणाऱ्यांचे ४५ वर्षांच्या आत असल्याचे नमूद केले आहे. १८२०च्या दशकात शेफील्डच्याच एका गृहस्थांनी तोंडापुढे लोहचुंबक बांधण्याची युक्ती काढली आणि तिची वाहवाही झाली. पण चुंबक पोलादाचे कण धरतो, दगडाचे नाही, आणि फुफ्फुसे पोखरणारी खरी वस्तू दगडातील सिलिका हीच होती. चाकाभोवती पेटी बसवून पंख्याने धूळ बाहेर ओढण्याचा उपाय अधिक खात्रीचा होता, तरी त्यालाही काही कामगारांचाच विरोध झाला. कारण, एंगेल्स सांगतात त्याप्रमाणे, धंदा कमी जीवघेणा झाला तर त्यात माणसे वाढतील आणि मजुरी घसरेल अशी त्यांना धास्ती होती. या हिशेबाला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण अकाली मरण हे ज्यांच्या मजुरीतच धरलेले होते त्यांच्या दृष्टीने तो सरळ व्यवहार होता. अखेर १८७८ च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने, चाकावरील घासाई, झिलई यांसारख्या कामांतील धूळ पंख्याने आवरता येण्याजोगी असेल तर पंखा बसविण्याचा आदेश देण्याचा अधिकार निरीक्षकाला दिला.

अमेरिकेत पंख्याचा मार्ग बुटांच्या धंद्यातून गेला. बेंजामिन फ्रँकलिन स्टर्टेव्हंट हे मूळचे चांभारकाम करणारे कारागीर. १८६०च्या दशकात त्यांनी बूटनिर्मितीच्या यंत्रांतून उडणारी धूळ ओढून घेणारा फिरता पंखा तयार केला आणि बॉस्टन परिसरात अशा पंख्यांचा मोठा कारखाना उभारला. हा पंखा लाकडाच्या गिरण्यांनी लगेच उचलला, पण त्यामागचा हेतू वेगळा होता. रंधायंत्रातून निघणाऱ्या ढलप्यांचे ढीग काम अडवीत, आणि त्याच ढलप्या नळ्यांतून बॉयलरच्या भट्टीपर्यंत पोहोचवल्या तर फुकटचे जळण मिळे. धूळ-संकलनाची पुढची कित्येक दशकांची घडण या मूळ हेतूने ठरवली, कारण जे ढीग करते ते उचलायचे आणि जे ढीग न करता हवेत तरंगते त्याकडे पाहायचे नाही, अशी या यंत्रणेची वृत्तीच होऊन बसली.

ओढलेली हवा आणि तिच्यातील भुसा वेगळा करण्यासाठी जे साधन रूढ झाले, त्याचे नाव सायक्लोन. पत्र्याच्या एका उभ्या, खाली निमुळत्या होत गेलेल्या पात्रात धुळीने भरलेली हवा वरून कडेला लागून शिरते आणि भिंतीलगत गरगरत खाली उतरते; या फिरण्यामुळे जड कण भिंतीकडे फेकले जाऊन तळाच्या डब्यात पडतात आणि हलकी झालेली हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. अमेरिकेतील निकरबॉकर कंपनीच्या जॉन फिंच यांच्या नावे १८८५ साली अशा साधनाचे पेटंट नोंदले गेले. त्या काळात धुळीविषयी गिरणीमालकांची झोप उडविणारी एक घटना ताजी होती. २ मे १८७८ रोजी मिनियापोलिस येथील वॉशबर्न पिठाच्या गिरणीत हवेत पसरलेल्या पिठाचा स्फोट होऊन १८ कामगार ठार झाले होते. लाकडाची पिठीही हवेत पुरेशी दाट झाली तर अशीच भडकते. तेव्हा सायक्लोनचा प्रसार व्हायला आगीची भीती आणि जळणाचा लाभ ही दोन कारणे पुरेशी होती, कामगारांच्या श्वासाचा विचार त्यात आलाच तर शेवटी आला. गिरणीच्या छपरावर उभे असलेले सायक्लोन ढलप्या आणि जाडा भुसा चोख उतरवीत, सर्वांत बारीक पिठी मात्र त्यांच्या तोंडातून गावाच्या हवेत जाई.

धूळ उडूच न देण्याचा एक प्रयत्न पाण्याच्या मार्गाने झाला आणि तो लाकडाच्या दृष्टीने निरुपयोगी असला तरी उल्लेखनीय आहे. मिनेसोटा राज्यातील ज्या खाणकंपनीला पुढे थ्री-एम हे नाव मिळाले, तिने फिलाडेल्फियाचे शाई-उत्पादक फ्रान्सिस ओकी यांच्याकडून पाण्यातही न सुटणाऱ्या कागदाची कल्पना घेतली आणि १९२१ साली तो बाजारात आणला. मोटारींच्या रंगाचे थर तोवर कोरडे घासले जात आणि त्या रंगांतील शिसे कामगारांच्या पोटात व फुफ्फुसांत जाई. ओल्या घासाईने ती धूळ पाण्याबरोबर वाहून जाऊ लागली. लाकडाला हा इलाज लागू पडत नाही, कारण पाणी लागताच त्याचे तंतू फुगून उभे राहतात आणि घासलेला पृष्ठभाग पुन्हा खरखरीत होतो. लाकूड कोरडेच घासावे लागते, आणि म्हणून त्याची धूळ हवेतूनच पकडावी लागते.

ही सारी यंत्रणा कारखान्यासाठी होती, पण १९२० नंतर घासयंत्र कारखान्याबाहेर पडले. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथील पोर्टर-केबल कंपनीत आर्थर एमन्स यांनी १९२६ साली हाती धरून वापरण्याजोगे, पट्ट्यावर चालणारे विजेचे घासयंत्र तयार केले. मिलवॉकी येथे हर्बर्ट टॉट्झ यांनी १९१९ साली स्थापलेली डेल्टा ही कंपनी याच सुमारास छोट्या कार्यशाळेला आणि हौशी कारागिराला परवडतील अशी यंत्रे विकू लागली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि पश्चिम युरोपातील उपनगरी घरांच्या गॅरेजमध्ये आणि तळघरांत अशा कार्यशाळा मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या, आणि तळवा लहान वर्तुळात थरथरवणारी, एका हातात मावणारी घासयंत्रे त्यांत रुळली. यंत्र घरी आले, तरी कारखान्याच्या छपरावरचा पंखा, नळ्या आणि सायक्लोन कारखान्यातच राहिले. कारखान्याला लागू असलेला कायदाही घराच्या उंबरठ्याशी थांबला, कारण स्वतःच्या गॅरेजमध्ये स्वतःसाठी खुर्ची करणारा माणूस कोणाचाच कामगार नसतो.

घरात धूळ ओढणारे एक यंत्र मात्र आधीपासून होते. ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ साली लंडनमध्ये मोठा पंप घोडागाडीवर चढवून घरोघरचे गालिचे साफ करण्याचा उद्योग काढला, तर ओहायो राज्यातील कँटन येथील जेम्स स्पँगलर या सफाई-कर्मचाऱ्याने, गालिच्याच्या धुळीने दमा बळावतो म्हणून, पंखा, खोके आणि उशीचा अभ्रा यांतून उचलून नेता येईल असे यंत्र जुळवले. १९०८ साली त्याचे पेटंट निघाले आणि हूवर कुटुंबाने त्याचे हक्क घेतले. या व्हॅक्यूम क्लीनरचीच दणकट भावंडे पुढे कार्यशाळेत शिरली. अशा रीतीने घरगुती सुतारकामाच्या वाट्याला दोन वेगळ्या घराण्यांची साधने आली. गिरणीकडून आलेले साधन रुंद नळीतून भरपूर हवा कमी दाबाने ओढते. लहान कार्यशाळेतील अशा यंत्राची नळी साधारण ४ इंच व्यासाची असते आणि त्यातून मिनिटाला कित्येक शे घनफूट हवा वाहते. घरगुती साफसफाईकडून आलेले साधन अरुंद नळीतून मिनिटाला शंभरेक घनफूटच हवा नेते, पण त्याची ओढ कित्येक पटींनी जोरदार असते. गोल करवतीला किंवा रंधायंत्राला पहिले साधन लागते. हाती धरायच्या घासयंत्राच्या तोटीला रुंद नळी जोडली तर त्या अरुंद वाटेतून हवा खेचण्याइतका दाबच तिच्यापाशी नसतो, म्हणून तेथे दुसरेच कामी येते. दोन्ही घराण्यांतील हा फरक ध्यानात न घेता केलेली जोडणी निष्फळ ठरते. ओढणारे यंत्र गर्जत राहते आणि पिठी फळीवर तशीच पसरलेली राहते.

धुळीकडे केवळ अस्वच्छता म्हणून पाहण्याचा काळ ज्या गावात संपला, ते इंग्लंडमधील हाय विकम हे खुर्च्यांचे गाव होय. त्याच्या भोवतीच्या चिल्टर्न टेकड्यांवर बीच वृक्षांची दाट राने आहेत, आणि त्या रानांतच मुक्काम करून पायाने चालवायच्या चरकावर खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर पूर्वी तेथे असत. ते नुकतेच तोडलेले ओले लाकूड कातीत, ज्यातून धुळीऐवजी लांब ओलसर सालपटे निघतात. कारखाने आले तसे वाळवलेले लाकूड, वेगवान करवती आणि घासयंत्रे आली, आणि बंद शेडमध्ये ओक व बीच यांची कोरडी पिठी दिवसभर तरंगू लागली. १९६०च्या दशकात गावातील रुग्णालयात नाक-कान-घशाच्या शल्यचिकित्सक असलेल्या एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आले की नाकाच्या पोकळीतील ग्रंथींचा कर्करोग, जो एखाद्या डॉक्टरला सबंध कारकिर्दीत क्वचितच दिसावा, तो त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येत आहे आणि तो झालेली माणसे बहुतेक फर्निचर कारखान्यांतील आहेत. ऑक्सफर्डचे शल्यचिकित्सक रोनाल्ड मॅकबेथ यांनी १९६५ साली या निरीक्षणाकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले, आणि १९६८ साली डोनल्ड अचेसन, कॉडेल, हॅडफील्ड व मॅकबेथ यांनी मिळून केलेला अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वसामान्य पुरुषांच्या तुलनेत या कामगारांना हा विशिष्ट कर्करोग होण्याचे प्रमाण शेकडो पटींनी अधिक निघाले, आणि संशयाचा रोख पॉलिश किंवा रोगण यांच्याकडे न जाता लाकडाच्या धुळीकडेच गेला. धुळीशी पहिला संबंध आणि रोगाचे निदान यांत सरासरी ४० वर्षांच्या आसपास अंतर होते. म्हणजे त्या रुग्णांना बाधणारी धूळ दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, कित्येकदा त्याही आधी, त्यांच्या नाकात गेली होती.

या शोधात विशेष हे की त्यामागे प्रयोगशाळा नव्हती. एका गावात एकच धंदा एकवटलेला होता, त्या धंद्यातील माणसे एकाच रुग्णालयात येत होती आणि तेथे रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारणारी डॉक्टर होती. यांपैकी एक गोष्ट नसती तरी हे रुग्ण इतस्ततः विखुरलेले अपवाद म्हणून विसरले गेले असते. १९६९ साली ब्रिटनने हा आजार भरपाईस पात्र व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातला, आणि अचेसन यांच्याच गटाने १९७० साली नॉर्थम्प्टनशायरमधील बूट-कामगारांत तसाच नाकाचा कर्करोग दाखवून दिला. स्टर्टेव्हंट यांचा पंखा शंभर वर्षांपूर्वी ज्या धंद्यात जन्मला होता, तेथील चामड्याची धूळही निर्दोष नव्हती, हे त्यातून उघड झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८१ साली फर्निचर-निर्मितीच्या कामाला आणि १९९५ साली खुद्द लाकडाच्या धुळीला मानवी कर्करोगाच्या सिद्ध कारणांच्या गटात स्थान दिले. हा पुरावा सर्वाधिक बळकट आहे तो रुंद पानांच्या वृक्षांच्या लाकडाबाबत, ज्यांना व्यापारात कठीण लाकूड म्हणतात, आणि साग व शिसव याच वर्गात मोडतात.

यानंतर कारखान्यांत हवेतील धुळीच्या मर्यादा ठरत आणि कमी होत गेल्या. ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा दर घनमीटर हवेमागे ५ मिलिग्रॅम होती ती २०२० साली ३ मिलिग्रॅम झाली, आणि युरोपीय संघाने २०२३ पासून ती २ मिलिग्रॅमवर आणली. घरगुती कार्यशाळेसाठी असे मोजमाप कोणीच करीत नव्हते. तेथे १९८०च्या सुमारापासून तैवानी बनावटीची स्वस्त धूळ-संकलन यंत्रे पोहोचली. त्यांत एक मोटार, एक पंखा आणि एकावर एक अशा दोन कापडी पिशव्या असत, ज्यांतील खालच्या पिशवीत भुसा साठे आणि वरच्या पिशवीच्या विणीतून हवा बाहेर पडे. ती वीण साधारण ३० मायक्रॉनच्या कणांपर्यंतच अडवू शके. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि मनुष्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. फुफ्फुसांत खोल उतरणारे कण १० मायक्रॉनहून लहान असतात. स्थिर हवेत पाण्याइतक्या घनतेचा १०० मायक्रॉनचा कण एक मीटर खाली यायला काही सेकंद घेतो, १० मायक्रॉनचा पाच-सहा मिनिटे, आणि १ मायक्रॉनचा आठ तासांच्या आसपास. या पिशव्या जमिनीवर पडणारा भुसा गोळा करीत आणि न पडणारी पिठी अधिक जोराने खोलीभर फिरवीत. जमीन स्वच्छ दिसे, त्यामुळे काम साधल्याचा समज होई. धूळ-संकलनाच्या इतिहासात गिरणीच्या जुन्या वृत्तीचा इतका सरळ वारसा दुसरीकडे सापडत नाही. पुढे घट्ट विणीच्या किंवा घडीदार कागदाच्या गाळण्या आल्या, आणि १९४०च्या दशकात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पाच्या निमित्ताने विकसित झालेली, ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडविणारी हेपा गाळणीही यथाकाल सुतारकामाच्या व्हॅक्यूममध्ये आली.

बारीक गाळणीने नवी अडचण निर्माण केली, ती म्हणजे घासाईच्या पिठीने ती पाहता पाहता तुंबते आणि ओढ मंदावते. या अडचणीवर सायक्लोनच पुन्हा कामी आला, आणि तोही काहीसा फिरून. जेम्स डायसन यांना १९७०च्या दशकाच्या अखेरीस लाकूडगिरणीवरील सायक्लोन पाहून पिशवीविना चालणाऱ्या घरगुती व्हॅक्यूमची कल्पना सुचली आणि त्यासाठी त्यांनी ५,१२७ नमुने बनविले, हे सर्वश्रुत आहे. एकविसाव्या शतकात तेच तत्त्व प्लॅस्टिकच्या हातभर शंकूच्या रूपाने सुताराकडे परतले. बादलीच्या झाकणावर बसवलेला हा शंकू घासयंत्र आणि व्हॅक्यूम यांच्यामध्ये जोडला की बहुतेक धूळ बादलीत उतरते आणि गाळणीपर्यंत थोडीच पोहोचते.

खरा पालट मात्र घासयंत्राच्या तळव्यात झाला, कारण उडालेली धूळ पकडण्यापेक्षा ती सुटते तेथेच ओढून घेणे केव्हाही सोपे. आकड्या-फासांच्या पट्टीने तळव्याला चिकटणाऱ्या गोल पेपरला पाच, सहा किंवा आठ भोके पाडून, तळव्यातील तितक्याच भोकांशी ती जुळवून, पेपरखालूनच हवा ओढण्याची पद्धत रूढ झाली. ही भोके नीट जुळली नाहीत तर पेपर आणि लाकूड यांच्यात पिठी साचते, तिच्या गुठळ्या होतात आणि फळीवर कुरळे ओरखडे उठतात, म्हणजे धूळ ओढणे हा कामाच्या दर्जाचाही प्रश्न ठरतो. जर्मनीतील फेस्टो कंपनीने घासयंत्र आणि व्हॅक्यूम यांचा जोड एकच साधन मानून विकसित केला, ज्यात घासयंत्र सुरू होताच व्हॅक्यूम आपोआप चालू होतो आणि यंत्र थांबल्यावर नळी रिकामी होईपर्यंत काही सेकंद चालत राहतो. फिनलंडच्या मिर्का कंपनीने या शतकाच्या आरंभी त्यापुढे जाऊन कागदच काढून टाकला आणि त्याजागी जाळीदार विणलेले कापड आणले, ज्याच्या प्रत्येक छिद्रातून धूळ ओढली जाते आणि भोके जुळविण्याची गरजच उरत नाही.

भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याचे चौदावे कलम धूळ ओढणारे साधन तिच्या उगमाच्या शक्य तितके जवळ असावे असे स्पष्ट सांगत होते, म्हणजे शेफील्डमध्ये शिकलेला धडा येथे कायद्याच्या भाषेत उतरलेला होता. परंतु कारखाना म्हणजे वीज वापरून किमान १० किंवा विजेशिवाय किमान २० माणसे काम करतात अशी जागा, ही त्या कायद्याची व्याख्या होती, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही संख्या अनुक्रमे २० आणि ४० झाली. मुंबई-पुण्यात फर्निचरचे पुष्कळसे काम आजही ग्राहकाच्या घरातच, दोन-चार सुतारांच्या हातून होते. तेथे प्लायवूड आणि एमडीएफ यांच्या कापाईची व घासाईची धूळ बंद खोलीत उडते, तिच्यात लाकडाबरोबर फॉर्मल्डिहाइडयुक्त चिकटद्रव्याचे कणही असतात, आणि तोंडाला बांधलेला रुमाल १० मायक्रॉनखालच्या कणांना फारसा अडवीत नाही. अशा कामावर घासयंत्राच्या मागे लोंबणारी छोटी कापडी पिशवी हेच बहुधा धूळ आवरण्याचे एकमेव साधन असते, आणि तीही जुन्या दोन पिशव्यांच्या यंत्राप्रमाणे जाडा भुसा ठेवून घेते व बारीक पिठी खोलीत सोडते. नळी जोडण्याची तोटी त्याच पिशवीच्या जागी असते. तिला जोडायचा व्हॅक्यूम पुष्कळदा खुद्द घासयंत्रापेक्षा महाग पडतो, आणि ठरलेल्या चौरस फुटांच्या दराने काम घेणाऱ्या सुताराच्या अंदाजपत्रकात त्याला रकाना नसतो.